कोंबड्यांपुरती नाचणी

“कुठची गो नाचणी! डुकरांनी खाल्ली, पावसानं झोपवली. राहिली ती कोंबड्यांपुरती.”

एवढं बोलून मी फोनवरचं बोट उचललं आणि ते बोलणं दीडशे घरांत गेलं. माझ्या पाठीमागे कातळावर कमरेएवढी नाचणीची रास पडली होती.

अश्विनी, माझी सून, घरून सूप घेऊन आली तोवर फोन टिंगटिंग करून दमला होता. तिनं वाचलं. परत एकदा वाचलं. मग सूप खाली ठेवलं, अगदी हळू. रागावलेली बाई सूप आपटते. तिनं आपटलं नाही, तेव्हा मला कळलं की हे रागाच्या पुढचं काहीतरी आहे.

“आत्या, काय बोललात हो तुम्ही?”

“ती डोंबिवलीची बाई इचारत होती, काकू यंदा नाचणी किती झाली. तिला बोलले.”

“मग किती झाली ते सांगायचं ना!”

“रास उघडी पडलीय खळ्यावर, आणि किती झाली ते सांगू? खुळी हाय का मी?”

ती पुढं काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. संतोष, माझा मुलगा, भिवंडीच्या गोदामातून. “आये, डुकरांनी खाल्ली म्हनं समदी? मी बोललो होतो, त्या डोंगरात काय राहिलं नाय. आजच खोली पक्की करतो. दिवाळी झाली की दोघी इकडं या.”

मी घाईघाईनं बोलले, “अरे हाय रे. हाय थोडी.”

“थोडी म्हंजे कोंबड्यांपुरतीच ना?” असं बोलून त्यानं फोन ठेवला.

सुधारायला गेले तरी जीभ ‘थोडी’च बोलली. अश्विनीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. तिच्या हातातल्या फोनवर एकेक निरोप येत होता. ती ते वाचून दाखवत होती, आवाज न चढवता, शाळेत हजेरी घेतात तशी. अरेरे, वाईट झालं. मग आमचं राहू द्या. आम्ही दुसरीकडून घेतो. पुढच्या वर्षी बघू. आणि जोडलेल्या हातांची चित्रं, मयताला पाठवतात तसली.

याला चार वर्षं झाली. यंदा परत तेच दिवस आलेत. सकाळी आंबेनळी घाटाच्या बाजूनं धुकं वर सरकतं, उन्हाला धार येते आणि उतारावरची नाचणी तांबूस होऊन मुठी मिटते. कणीस पिकलं की हाताच्या मुठीसारखं आत वळतं. सुकायला घातलं की त्याला वास सुटतो, मातीचा नाही, भाकरीचाही नाही, दोन्हीच्या मधला. हा वास आला की मला तो फोन आठवतो. मला हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

आमची वाडी कुडपणच्या वरच्या अंगाला. अकरा घरं. त्यातल्या आठांना कुलपं. कुलपं गंजू नयेत म्हणून गणपतीला येणारी माणसं त्यात तेल सोडून जातात. चूल पेटायची ती तीन घरांत. एक माझं, एक माझ्या धाकट्या जावेचं, कोंडाबाईचं. तिसऱ्यात एक म्हातारा होता, तो त्या वर्षी मुलीकडे महाडला जाऊन राहिला आणि तिकडचाच झाला. म्हणजे दोनच.

रेंज वाडीत कुठेही नाही. आहे ती फक्त कातळावर, जिथं आमचं खळं. सपाट काळा दगड, बैल होते तेव्हा पाच-सहा बैल एका दमात फिरायचे एवढा. माझ्या सासऱ्यांच्या आज्यानं तिथं खळं धरलं ते वारा चांगला लागतो म्हणून. वारा आणि रेंज एकाच ठिकाणी मिळतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. त्यामुळे आमच्याकडे नाचणी आणि फोन एकाच जागी बसलेले असतात. वाळवण राखायचं, चिमण्या हाकायच्या आणि उत्तरंही द्यायची.

मी या घरात आले तेव्हा खळ्यावर बोलायचंच नाही अशी रीत होती. कणसं बडवून झाली, सुपानं वारवून झालं, रास पडली, की तिच्यात विळा खोचून ठेवायचा आणि तोंड मिटायचं. सासू पायली घेऊन उगवतीकडे तोंड करून बसायची. पहिल्या मापाला ‘एक’ नाही म्हणायचं, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन, चार, तेही ओठातल्या ओठात. पहिलं माप देवाचं. शेवटचं थोडं खळ्यावरच सोडायचं, बुडापर्यंत झाडून न्यायचं नाही. वाटेनं जाणाऱ्यानं “किती झाली?” म्हणून विचारायचं नाही. विचारलंच तर “झाली उंदरांपुरती”, “झाली कोंबड्यांपुरती” असं सांगायचं. विचारणारा समजायचा की चांगली झाली. खरंच कोंबड्यांपुरती झाली असती तर बाईनं काहीच सांगितलं नसतं, ती रडत बसली असती.

हे नुसतं दृष्ट लागू नये म्हणून नाही. बाजारालाही तेच लागायचं. पोलादपूरला नाचणी घेऊन जायचो ती डोक्यावरून. पहाटे निघायचं, घाट उतरायचा, मानेला चुंबळ रुतायची. व्यापारी गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ काढून फुंकर मारायचा आणि तोंड वाकडं करायचा. “खडे हायत बाय.” खडे नसले तरी खडे हायत. “अजून हाय का घरी?” हा त्याचा पुढचा प्रश्न. हाय म्हटलं की तो भाव पाडायचा, कारण हिला विकायची गरज आहे हे त्याला कळायचं. म्हणून आम्ही म्हणायचो, “नाय हो, हीच शेवटची. पोरांच्या तोंडातली आणलीय.” तो पण खोटं बोलायचा, आम्ही पण खोटं बोलायचो, आणि दोघांना ते ठाऊक असायचं. मग मीठ आणि सुकट घेऊन घाट चढायचा. चढताना डोक्यावर वजन कमी असायचं, तरी पाय जास्त दुखायचे. कारण मला अजून सापडलेलं नाही.

तर अशी ही जीभ. पन्नास वर्षं एकच वाक्य बोललेली. तिच्या हातात कुणीतरी फोन दिला.

अश्विनीनं दिला. तिचं माहेर कापडे, खालचं भातशेतीचं गाव. तिकडे रस्ता दारावरून जातो, माणसं दारात माल मांडून बसतात. काकडी असली तर काकडी वर, बाई मागे. लपवायची सवय तिला नाही. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या वर्षी ती नाचणीच्या उतारावरून तीनदा घसरली. मी म्हटलं, ही टिकत नाही. चौथ्या वेळी ती घसरली नाही, मी घसरले. तिनं मला उचललं आणि कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून मी तिला बोलते कमी.

संतोषचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांची कुटुंबं मुंबईला, आपलंच काय डोंगरात? तो चुकत नव्हता. गोदामात बारा तास उभं राहून माणूस खोलीवर जातो, तर घरात कुणी हवंच. पण अश्विनीला जायचं नव्हतं. ती त्याला म्हणाली, “एक मोसम द्या मला. समदी नाचणी ह्या कातळावरनं विकून दाखवते, पोलादपूरला एक गोणी न्यायची नाय. नाय जमलं तर मी स्वताहून बोचकं बांधते.” त्यानं कबूल केलं. घराला कुलूप लागणार की नाही, ते त्या एका राशीवर आलं.

मग तिनं ग्रुप काढला. आमच्या वाडीची मुंबईत राहणारी चार माणसं, आणि त्यांचे शेजारी, त्या शेजाऱ्यांच्या बहिणी, बहिणींच्या सोसायटीतल्या बाया. संतोष त्यात नव्हता; त्याच्या कानावर जायचं ते त्या चार माणसांकडून, आणि तेही वाईट तेवढंच. आषाढात आम्ही लावणीला वाकलो होतो, डोक्यावर प्लास्टिक, कंबर आभाळाकडे, तेव्हाच ही फोटो काढायची. मी ओरडायचे, “रोपं लाव गो आधी! फोटोला कणीस नाय धरत.” ती म्हणायची, “धरतं आत्या, बघाल.” भादव्यात डुकरांनी एक कोपरा उकरला त्याचाही फोटो तिनं टाकला. मला लाज वाटली. नुकसान काय दाखवायचं असतं? पण डोंबिवलीच्या बाई, मीनल मॅडम, त्यांनी विचारलं, “काकूंना लागलं नाही ना?” डुकरांनी मला नव्हतं उकरलं. तरी विचारलं हे खरं.

गवत कसं काढतात, कणसं कशी खुडतात, सगळं ती दाखवत गेली आणि माणसं आधीच सांगून ठेवत गेली, आम्हाला दोन किलो, आम्हाला पाच. व्यापारी हात घालून बघायचा, ही माणसं डोळे घालून बघत होती. मला ते विचित्र वाटायचं. नाचणी हातात घेतल्याशिवाय कळते कशी? ती बोटांतून सुटते कशी, दाताखाली वाजते कशी, हे त्या काचेत कुठं दिसतं? अजूनही मला पटत नाही. पण मी नाचणीला हात लावून बघायची गोष्ट बोलते, आणि त्या बाया माझ्या उताराकडे बघून ठरवतात. व्यापाऱ्यानं माझा उतार कधी विचारला नव्हता.

बटण दाबून बोलायचं तिनंच मला शिकवलं होतं. “दाबून धरा, बोला, सोडा.” सोपं आहे. म्हणूनच घात झाला. अवघड असतं तर मी गप्प बसले असते.

ते बोलणं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अश्विनी सकाळीच कातळावर गेली. तिनं रास ताडपत्रीनं झाकली, कडेनं दगड ठेवले. दुपारी नाचणीचीच भाकरी केली, थापताना एकही फाटली नाही. संतोषला खरं सांगून झालं होतं तिचं, पण तो ऐकायला तयार नव्हता. ही रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही, याच खळ्यावर वाढलाय तो. पण त्याला खोली घ्यायचीच होती. ज्याला जे हवं असतं ते त्याला पहिल्या हाकेत ऐकू येतं.

“मी परत टाकते की नाचणी हाय म्हून,” ती शेवटी म्हणाली. “पण नुसतं लिहून कोण खरं मानंल? सासू एक सांगतेय, सून एक सांगतेय. रास दाखवली तर मानतील.”

“मोजायच्या आधी रास दाखवत नाय.”

“ठाव हाय. म्हून विचारतेय. तुम्ही नाय म्हणालात तर नाय दाखवत.”

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी रीत धरून बसले असते आणि त्याचं काही वाटलं नसतं. तिनं सगळं माझ्या हातात दिलं आणि भांडी घासायला गेली.

मी कोंडाबाईकडे गेले. ती चुलीपुढं वाल सोलत होती. तिला म्हटलं, रास दाखवू का? ती उडालीच. “आक्का, दुनियेला दाखवणार? दिष्ट लागंल गो!”

“दीडशे जणांची दिष्ट एकदम लागती का लायनीनं, ते तरी कळंल.”

“चेष्टा नको. तुझ्या सासूनं कधी शेजारणीला दाखवली नाय.”

“तिला शेजारीण होती,” मी म्हटलं. “दहा घरं होती तिला लपवायला. मी कुणापासनं लपवू? तुझ्यापासनं?”

कोंडाबाई वाल सोलायची थांबली. मग म्हणाली, “मला तर ठावच हाय तुझी किती झाली.”

“किती?”

“कोंबड्यांपुरती,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. वालांची टरफलं सगळी चुलीपुढं पसरली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी पायली धुवून घेतली, कोरडी केली आणि कातळावर उगवतीकडे तोंड करून बसले. अश्विनीला म्हटलं, “धर फोन.”

“कुठं धरू?”

“माझ्या थोबाडावर नको. मापावर धर.”

तिनं ताडपत्री काढली. रास उन्हात उघडी झाली. मी बोलले ते मला शब्दाशब्दाला आठवतं, कारण नंतर तिनं मला ते कितीदा ऐकवलं.

“परवा मी बोलले नाचणी कोंबड्यांपुरती हाय. ती ही नाचणी. आमच्यात रास पडली की हाय असं बोलत नाय, नाय असंच बोलतात. तुमच्यात नाय बोललं की नायच समजतात, हे मला ठाव नव्हतं. चूक माझी. सुनेची नाय. आता मी मोजते, तुम्ही बघा. मधी कोण बोलू नका.”

अश्विनीचा हात हसण्यानं हलला, ते त्या चित्रात दिसतं. फोनमधली माणसं मध्ये बोलू शकत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली पायली भरली. लाभ. ती देवाची म्हणून बाजूला काढली. दोन. तीन. चार. वारा पडला होता. पायलीत नाचणी पडते तो आवाज बारीक असतो, पाऊस लांब असल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा मी आकडे मोठ्यानं उच्चारले. वीसपर्यंत गेले. तिथं थांबले.

“बास,” मी म्हटलं. “एवढं बघितलं तेवढं पुरे. बंद कर.”

“अजून रास तर निम्मी पन नाय झाली, आत्या.”

“म्हूनच बंद कर.”

पुढचं मी ओठातल्या ओठात मोजलं, सासूसारखं. किती झाली ते इथेही लिहीत नाही. बुडाशी थोडी सोडली. चिमण्या आल्या, कोंडाबाईच्या कोंबड्या आल्या, म्हणजे मी अगदीच खोटं बोलले नव्हते.

सगळी माणसं परत आली असं नाही. काहींनी दुसरीकडून घेतलं होतं. एकानं लिहिलं की हे सगळं नाटक आहे, आधी नाही म्हणायचं आणि मग मागणी वाढवायची. अश्विनीला ते लागलं. मला नाही. व्यापाऱ्यानं नसलेले खडे काढलेले मी ऐकलेत, हा त्याचाच भाऊ. पण पहिलं उत्तर मीनल मॅडमचं आलं. “काकू, आमच्याही कोंबड्यांसाठी पाच किलो ठेवा.” झालं. मग सगळ्यांना कोंबड्या सुचल्या. आमच्याकडे दोन कोंबड्या आहेत, चार किलो. आमचा एक म्हातारा कोंबडा आहे, त्याला साखर आहे, दोन किलो. आजही ग्रुपावर मागणी याच भाषेत येते. नवीन कुणी आला की गोंधळतो, तेव्हा जुने त्याला सांगतात.

दृष्ट लागली नाही. उंदीर लागले, ते दरवर्षी लागतात.

पिशव्या भरायच्या, दुधाच्या जीपमधून पोलादपूरला धाडायच्या, तिथून मुंबईच्या गाडीत. एका पिशवीत खरोखर खडा निघाला. त्या बाईनं खड्याचा फोटो टाकला, शेजारी नाणं ठेवून. अश्विनी रडकुंडीला आली. मी बटण दाबलं आणि म्हटलं, “खडा आमच्याच शेतातला हाय, दुसऱ्याचा मिसळलेला नाय. दाताला लागला का?” नव्हता लागला. पुढच्या वेळी तिनं परत मागवली.

मग भाकरीचे प्रश्न. मोडते का, फुटते का, पाणी किती गरम. मला वाटायचं नाचणी घेणाऱ्याला भाकरी येतच असणार. नाही येत. दीडशे घरांत कुणालाच नीट येत नव्हती. मग कातळावर तीन दगड मांडून मी भाकरी थापली आणि अश्विनीनं धरला फोन. व्यापाऱ्याला नाचणी दिली की ती कुणाच्या पोटात गेली ते कधी कळलं नाही. आता कळतं. कुणाच्या बाळाला पहिली आंबील त्याच नाचणीची दिली, कुणाची भाकरी जळली, सगळं येतं. जळलेल्या भाकऱ्यांचे फोटो जास्त येतात.

दिवाळीला संतोषला सुट्टी मिळाली नाही. तो आला मार्गशीर्षात, आम्हाला न्यायला, दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या घेऊन. आला तो थेट माजघरात गेला, कणगीचं झाकण काढलं आणि आत हात घातला. खांद्यापर्यंत गेला तरी हाताला काही लागेना. तळाला आमची खायची तेवढीच होती.

त्याचं तोंड उतरलं. इतके दिवस म्हणत होता डोंगरात काही राहिलं नाही, आणि खरंच काही नाही असं दिसल्यावर पोरगं कणगीपाशी खाली बसलं. “म्हंजे खरंच डुकरांनी खाल्ली, आये?”

“डोंबिवलीनं खाल्ली,” मी म्हटलं.

तो अश्विनीकडे बघायला लागला. तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि त्याला कातळावर पाठवलं, कारण घरात रेंज नाही. तो तिकडे बराच वेळ होता. परत आला तेव्हा मी भाकऱ्या टाकत होते. त्यानं चार खाल्ल्या. मग हात धुताना म्हणाला, “खोली एकट्यापुरती बारकी बघतो मग.” रिकाम्या पिशव्या आणल्या होत्या, त्यात त्याच्या गोदामातल्या दोस्तांसाठी वाल भरून घेऊन गेला. आता महिन्यातून एकदा येतो. नवरा-बायको कातळावर बसून वाद घालतात, पिशवीवर चिट्ठी कसली लावायची याच्यावर. मी मध्ये पडत नाही.

यंदाची रास काल पडली. अश्विनी विळा खोचते, झाकते आणि मग मला विचारते, “आत्या, मोजायला कधी बसायचं?” माप माझं, फोन तिचा, वीसपर्यंत मोठ्यानं, पुढं ओठात. हे असं चालतं, ठरवलं कुणी नाही. सकाळी मीनल मॅडमनी विचारलं, काकू, यंदा किती झाली? मी बटण दाबलं. काय बोलले ते सांगायला नको.

त्या मोसमात या वाडीत आम्ही तिघी होतो. मी, अश्विनी आणि कोंडाबाई. कोंडाबाई गेल्या माघात गेली. आम्ही दोघी इथंच आहोत.